पुडीतले केस

ज्या गोष्टीबद्दल मी हे लिहिते आहे तिचं नाव मला तोंडानं घेता येत नाही. लिहितानाही हात थांबतो. म्हणून 'खालचे केस' एवढंच लिहिणार आहे. ही वही जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात असते आणि आमच्या घरात माझ्याशिवाय ते गाठोडं कुणी सोडत नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली, तरी लिहायची सवय मी मोडू दिली नाही. बोलायला जमत नाही ते इथे जमतं.

लग्न विसाव्या वर्षी झालं, आता मी चाळिशीला आले. सुरुवातीला खालच्या केसांबद्दल मला काहीच मत नव्हतं. कोपराबद्दल कुणाला मत असतं का? अंगाचा भाग आहे, असतो. आईनं लग्नाआधी एवढंच सांगितलं होतं, "रोज आंघूळ कर, धुतलेलं न्हेस, अंग कोरडं ठेव." ते मी पाळलं. केसांचं ती काही बोलली नाही. तिच्याही मनात तो विषय कधी आला नसणार.

त्याबद्दल पहिल्यांदा मला कुणी बोललं ते बाळंतपणात. सरकारी दवाखान्यात कळा सुरू असताना एक मावशी आली, साडी वर केली आणि कोरडं ब्लेड फिरवायला लागली. "कसलं जंगल वाढवलंय," ती म्हणाली, "घरात कुणी शिकवलं न्हाय का?" पलीकडच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघायला लागली. मला कळांपेक्षा ते बोलणं जास्त लागलं. पुढचे पंधरा दिवस टाके एकीकडे आणि खाज एकीकडे. केस परत वाढताना टोचतात, आणि मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या बाईला चारचौघांत खाजवता येत नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. त्यानंतर मी ठरवलं होतं की ब्लेड पुन्हा लावायचं नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, मनाशीच ठरवलं होतं. मनाशी ठरवलेल्याला आमच्या घरात काही किंमत नसते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

माझा नवरा अक्कलकोट रोडला लूमवर, यंत्रमागावर, कामाला आहे. माणूस वाईट नाही. पीत नाहीत, हात उचलत नाहीत. म्हणून तर हे दुखणं कुणाला सांगायची सोय नाही. बायका म्हणतील, मग तुला बोचतंय काय?

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवा फोन घेतला. त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी ते बाजारातून आले. पिशवीतून मेथी काढताना माझ्या हाताला काहीतरी लागलं. जांभळ्या दांडीचा रेझर होता, बायकांचा. पुठ्ठ्यावर एका गोऱ्या बाईच्या पायाचं चित्र.

"हे काय?"

"तुझ्यासाठी हाय."

"मला कशाला?"

"साफ करायला," ते म्हणाले आणि हनुवटीनं खाली दाखवलं. "आता सगळ्या बायका करत्यात."

सगळ्या म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. माझ्या ओळखीच्या बायकांमध्ये तर हा विषय कधी निघाला नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत आम्ही बायका पाळीचं बोलतो, पिशवीच्या ऑपरेशनचं बोलतो, नवऱ्यांच्या घोरण्याचं बोलतो, पण हे नाही. ह्यांच्या सगळ्या बायका फोनातल्या होत्या. आणि 'साफ' हा शब्द मला फार लागला. मी रोज दोन वेळा आंघोळ करते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तूस उडणाऱ्या शेडमध्ये आठ तास बसून आल्यावर कोण करणार नाही? सतरा वर्षं मी घाण होते आणि ह्यांना ते आता दिसलं? ते स्वतः चार-चार दिवस दाढी करत नाहीत. अंगावरचं बाकी तर सोडूनच द्या. त्यांना कुणी पुठ्ठ्यावर चित्र असलेली वस्तू आणून दिली नव्हती.

हे सगळं मला त्या दिवशी बोलता आलं असतं. मी मेथी निवडायला बसले.

मी काही बोलले नाही, म्हणजे तयार झाले असं त्यांनी धरलं. पुढचे आठ दिवस रोज "केलंस का?" एवढंच विचारायचे, भाजी झाली का विचारावं तसं. नवव्या दिवशी केलं. आमच्या खोलीत कोपऱ्यात मोरी आहे, पुढे साडीचा पडदा. वाकून, आरशाशिवाय, साबणाच्या फेसात, नीट दिसत नसताना. दोन ठिकाणी कापलं. त्यांना आवडलं. मला माझ्या जागी दुसरीच कुणी बाई उभी असावी तसं वाटलं, तेही एक वेळ चाललं असतं. पण चौथ्या दिवसापासून काटे फुटायला लागले. एप्रिल महिना. मी टॉवेलच्या कडा दुमडून शिलाई मारते, दिवसभर बसून. घाम आणि कापसाचं तूस मिळून जांघेत जो लगदा होतो तो आधी केसांवर थांबायचा, आता थेट कातड्यावर. बारीक फोड आले, मग त्यातला एक मोठा झाला, लिंबाएवढा नाही पण बोरापेक्षा मोठा. डॉक्टरकडे जायची लाज. मी हळद आणि गोडंतेल लावलं. माहेरी मेंढरं होती आमची, कातरताना मेंढराला लागलं की वडील तेच लावायचे. फोड बसला नाही आणि सगळे परकर पिवळे झाले.

शेजारच्या खोलीत तेव्हा अक्का राहायची. अक्कलकोटच्या पुढच्या गावची, घरात कन्नड बोलणारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. तिचे केस इतके कुरळे की तेल थापलं तरी कानामागून निसटून उभे राहायचे. आम्ही दोघी टॉवेलच्या एकाच युनिटमध्ये, मी शिलाईला आणि ती घड्या घालायला. सकाळी चालत बरोबर जायचो.

"का ग," ती वाटेत म्हणाली, "घोड्यावर बसून आल्यासारखी चालतीस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर मग नीट चाल की."

मला नीट चालता आलं नाही आणि मी रस्त्यात रडले. तिनं मला युनिटच्या मागे, गठ्ठे ठेवतात तिथे नेलं आणि मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक अर्धं हातानं सांगितलं.

"ब्लेड लावलंस व्हय," अक्का म्हणाली. "भर उन्हाळ्यात. नवऱ्यानं सांगितलं आसंल."

मी मान हलवली.

"त्याला एकदा ह्या मशीनवर बसव म्हणावं तसलं करून. दोन तास." मग तिनं सांगितलं की गरम पाण्यानं शेक, सैल कपडे घाल, तेल बंद कर, आणि चार दिवसांत बसला नाही तर बाईडॉक्टरकडे चल, मी येते. "आन परत ब्लेड लावू नको. मी कात्रीनं कापते. बोटभर ठिवायचं. घाम बी न्हाय, काटं बी न्हाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. विधवा बाई, एकटी राहते. माझ्या तोंडावर काय आलं ते तिला दिसलं असावं.

"आता तुला कोण बगायलंय, असं म्हंतीस नव्हं?" ती म्हणाली. "कोण बगत न्हाय म्हणून तर माज्या मनासारखं करते. त्यो हुता तवा म्हणायचा, राहू दे, तर ठिवलं. आता मला हलकं बरं वाटतंय."

फोड शेकानं बसला. पण अक्काचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मला हलकं बरं वाटतंय. मला काय बरं वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आईनं नाही, दवाखान्यातल्या मावशीनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. आठवडाभर मशीनवर बसून मी तोच विचार केला. टॉवेल सरकत होते आणि मी खालच्या केसांचा विचार करत होते. हसू येईल कुणाला. शेवटी मला कळलं की मला आखूड आवडतील. अजिबात नाहीत असे नाही आणि वाढून गुंता झालेलेही नाहीत. वडील कातर कधी कातड्याला टेकवायचे नाहीत, थोडी लोकर अंगावर ठेवायचेच. उघड्या कातड्याला ऊन सोसत नाही म्हणायचे. मेंढराचं त्यांना कळत होतं. माझ्या घरात माणसाचं कुणाला कळत नव्हतं.

केस नीट वाढायला जूनपर्यंत वेळ गेला. नवरा विचारायचे, मी "दुखतंय" म्हणायचे. ते खरंच होतं, म्हणून तेवढं बोलता यायचं.

मग एके दिवशी माल आला नव्हता म्हणून युनिटला सुट्टी मिळाली. नवरा कामावर, पोरं शाळेत, सासू देवळात. सासूला मी आत्या म्हणते. आत्या त्या दिवशी अमावस्या म्हणून देवळात गेल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घर रिकामं मिळालं एवढंच मला दिसलं. धागे तोडायची छोटी कात्री मी घरी आणली होती. मोरीत कागद पसरला आणि निवांत, न वाकता, पाटावर बसून कापले. कापून झाल्यावर पाणी घेतलं आणि खरंच हलकं वाटलं. आपल्या अंगाला आपल्याच मनानं हात लावला, असं मला आठवतंय तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा झालं असेल.

प्रश्न आला तो केसांचा. मोरीत सोडावेत तर पाणी तुंबतं. आमची गटार उघडी आहे, चार खोल्यांच्या दारांपुढून जाते, ते कुणाच्या दारात अडकले तर? आमच्याकडे केस कुठेही टाकत नाहीत. विंचरलेलं गुंतवळसुद्धा भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचं आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायचं. आपले केस दुसऱ्याच्या हाती पडले तर तो त्यांच्यावर करणी करतो, असं आत्या आम्हाला पहिल्यापासून सांगतात. म्हणून मी तो कागद दुमडून पुडी केली. युनिटमध्ये बारा टॉवेल झाले की लाल सुताचे दोन वेढे आणि गाठ, अशी आमची पद्धत. पदराला लाल सूत चिकटलेलं होतंच. हाताला सवय, दोन वेढे दिले आणि गाठ मारली. सकाळी घंटागाडीत टाकू म्हणून पुडी मोरीवर, छताचा पत्रा आणि भिंत ह्यांच्या फटीत खोचली. मग अक्का कोथिंबीर मागायला आली, तिला दिली, आणि मी दळण घेऊन गिरणीत गेले.

गिरणीत लाईट गेली होती. तासभर लागला. परत आले तेव्हा आमच्या दारात माणसं होती.

आत्या उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे जमिनीवर उलटी सुपली होती. सुपलीवर मीठ आणि कापलेलं लिंबू.

"काय झालं, आत्या?"

"हात लावू नको कशाला," त्या म्हणाल्या. "आमुशाचं कुणीतरी घरात करून ठिवलंय."

झाडूच्या दांड्यानं त्यांनी सुपली थोडी उचलली. माझी पुडी, सोडलेली. त्या मोरीवर वाळत घातलेला टॉवेल ओढायला गेल्या तेव्हा पुडी अंगावर पडली, आणि काय आहे बघायला त्यांनी ती सोडली होती.

घरमालकीण तिथेच उभी होती, आत्यांच्या वयाची. चारी खोल्या तिच्याच. ती म्हणाली, "लाल दोरा, आन कुरळं केस. आता आजून काय सांगायचं ऱ्हायलं?" आणि तिनं अक्काच्या दाराकडे बघितलं.

माझे डोक्याचे केस सरळ, आत्यांचे पांढरे. त्या ओळीत कुरळे केस फक्त अक्काचे. शिवाय ती विधवा, तिची भाषा वेगळी. शिवाय मागच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याला ताप येऊन गेला होता. शिवाय दुपारी ती माझ्या दारातून बाहेर पडताना घरमालकिणीनं पाहिलं होतं. एकेक गोष्ट त्या दोघी अशा जोडत होत्या जणू सगळं आधीच ठरलेलं होतं.

अक्काला हाक मारली. ती भांडी घासत होती, ओल्या हातांनीच दारात आली.

"हे तुजं हाय का?" आत्यांनी विचारलं.

अक्का वाकली, बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. मला दिसलं की तिला कळलं.

"माजं न्हाय," ती म्हणाली.

"मग कुणाचं?"

"मला काय म्हाईत. पर माजं न्हाय."

तिला फक्त माझ्याकडे बोट करायचं होतं. तिनं केलं नाही. आणि मी पिठाचा डबा कमरेवर घेऊन उभी. मला बोलायचं होतं, हे मी देवाशपथ लिहिते. पण मला त्या बायकांचं तोंड दिसत होतं, हसतील तेव्हा कसं दिसेल तेही दिसत होतं.

तेवढ्यात नवरा कामावरून आले. आत्यांनी सगळं सांगितलं. "उद्या गावाकडनं देवऋषी आणतो," ते म्हणाले.

"देवऋषी आणा न्हायतर कुणी बी आणा," घरमालकीण म्हणाली, "पर असली बाई मला नको. महिना भरला की खोली खाली कर, काय ग."

अक्का तशीच उभी. हातावरचं पाणी खाली गळत होतं.

"अवो, आत या," मी नवऱ्याला म्हणाले. "पाणी देते."

आत मडक्याजवळ मी सांगितलं, "ती पुडी माजी हाय."

"तुजी म्हंजी?"

"केस माजं हायेत."

"तुजं केस सरळ हायेत की," ते म्हणाले. मी खाली बघितलं. हळूहळू त्यांना कळलं. कान लाल झाले. "रेझर आणून दिला हुता नव्हं?"

"त्यानं फोड आलं. म्हणून कात्रीनं कापलं."

"आन जपून ठिवलं?"

"सकाळी टाकणार हुते. अवो, त्या बाईला खोली सोडायला सांगायल्यात."

त्यांनी पडद्यातून बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "गप ऱ्हा आता. काय बोलू नको. ते बगू नंतर."

"नंतर कधी?"

"आईम्होरं असलं बोलणार हायस व्हय? चार लोकांत माजी काय आब्रू ऱ्हाईल?"

माझी नाही, अक्काची नाही, त्यांची. माझ्या अंगाबद्दल बाजाराच्या पिशवीतून फर्मान आणताना हे लाजले नव्हते. "केलंस का, केलंस का" विचारताना लाजले नव्हते. आणि आता त्याच अंगाचे चार केस उजेडात आले तर ह्यांची अब्रू जाणार, आणि ती राखायला एका बाईनं घर सोडायचं. मला इतका राग आला की माझी लाज कुठे गेली ते मला कळलं नाही. लाज गेली नव्हती, राग तिच्या पुढे निघून गेला होता.

मी बाहेर आले.

"आत्या, ते केस माजं हायेत."

"तुजं?"

"खालचं. दुपारी मी कापलं आन कागदात बांधलं. सकाळी टाकणार हुते. अक्काचा काय संबंध न्हाय."

आत्यांनी पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पुडीकडे.

"आमुशाला?" त्या म्हणाल्या.

"ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

"आगं, आमुशाला नखं बी काढत न्हाईत. आन लाल दोरा कशाला बांधायचा?"

"युनिटमधला हाय. हाताला सवय हाय."

घरमालकिणीनं पदर तोंडाला लावला. "मेल्ये, गठ्ठा बांधलास व्हय? एक्स्पोर्टला धाडायचा हुता का?"

मग सगळ्या हसल्या. आत्याही हसल्या. तीस मिनिटांपूर्वी ज्या बाईला घराबाहेर काढायला निघाल्या होत्या तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. अक्का हसली नाही. तिनं दार लावून घेतलं.

ह्यानंतर मला वाटलं होतं की काहीतरी होईल. कुणी अक्काची माफी मागेल, किंवा कुणी मला रागावेल. तसं काही झालं नाही. मी आत्यांना म्हणाले, "अक्काला कायतरी बोला की." त्या म्हणाल्या, "मी काय तिचं नाव घेतलं व्हतं? नुस्तं इचारलं." घरमालकीण म्हणाली, रागात माणूस बोलतो. नवरा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी मीठ कमी आहे म्हणाले.

युनिटमध्ये गोष्ट माझ्या आधी पोचली होती. "काय एक्स्पोर्ट, आज किती गठ्ठं?" असं महिनाभर चाललं. मी मान खाली घालून शिलाई मारायचे. पण एकेक बाई एकटी सापडली की जवळ यायची. एकीनं क्रीम लावून कातडं भाजून घेतलं होतं. एकीचा नवरा काढ म्हणून मागे लागला होता. दुसरीनं तिच्या आवडीनं काढलं तर तिचा नवरा म्हणाला, कुणासाठी काढलंस ते सांग. दोघी माझ्याच मशीनपाशी आल्या, वेगवेगळ्या दिवशी. मी त्यांना काय सांगणार? ठेवलं तरी कुणाचं तरी ऐकायचं, काढलं तरी कुणाचं तरी ऐकायचं. बाईला विचारायची पाळी कुणावरच येत नाही.

ह्यांनी दिवाळीआधी पुन्हा विषय काढला.

"मी ब्लेड लावणार न्हाय," मी म्हणाले. "मला आखूड बरं वाटतं. तेवढंच ठिवणार."

"लई बोलायला लागलीस."

मी ब्लेड लावलं नाहीच. ते फोन घेऊन भिंतीकडे वळले. हल्ली महिना-महिना जवळ येत नाहीत. मला त्याचं बरं वाटतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्काकडे मी पुडीच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी गेले होते. तिनं मला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाली नाही.

"तू बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर किती येळ लावलास ग. मी तितं दारात उभी, हात वलं, आन तू माज्याकडं बगत हुतीस."

"मला शब्द फुटंना, अक्का."

"ते म्हाईत हाय मला. म्हणून तर तुजं नाव घेतलं न्हाय. तरी बी मला राग हाय."

घरमालकीण आता खोली सोड म्हणत नव्हती. अक्कानंच सोडली. "आज तुजी पुडी निगाली," ती म्हणाली, "उद्या कुणाचं पोरगं आजारी पडलं की परत माजंच दार." महिना भरल्यावर ती कारखान्याजवळच्या एका खोलीत गेली. सामान हातगाडीवर चढवायला मी मदत केली. आत्या दारात बसून बघत होत्या. सकाळी आता मी एकटी चालत जाते. युनिटमध्ये ती घड्या घालते, मी शिलाई मारते, आम्ही बोलतो, पण डबा ती दुसऱ्या बायकांत बसून खाते.

तिच्या खोलीत एक नवं जोडपं आलं आहे. परवा आत्या पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, "ही बाई गोड बोलती. ती गेली ते एका परीनं बरंच झालं."

"बरं न्हाय झालं," मी म्हणाले. "आपण तिच्यावर आळ घेतला. मी बी गप ऱ्हायले. बरं न्हाय झालं, आत्या."

त्यांनी चाळण थांबवली आणि माझ्याकडे बघितलं, जणू मी पुन्हा काहीतरी उघड्यावर टाकलं होतं. मग चाळायला लागल्या. मी तवा ठेवला. त्या काही बोलतील म्हणून भाकरी होईपर्यंत वाट बघितली. त्या बोलल्या नाहीत. आणि मीही बोललेलं परत घेतलं नाही.